तीन घागरी

कागद लपवायला ज्वारीच्या पिठाचा डबा निवडला, ही नागुबाईची पहिली चूक. घरात सून असताना पिठाचा डबा म्हणजे काही तिजोरी नव्हे, एवढं चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं. पण कालपासून तिची अक्कल जागेवर नव्हती. काल संध्याकाळी नात धम्मप्रिया लातूरहून मुखेडला आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आजी, पणजोबांची डबी काढून ठेव हं. उद्या खाजामियाँ मास्तर येणार आहेत कागद वाचायला."

तेव्हापासून नागुबाई कागदाला लपवायची जागा शोधत होती.

भद्र्यांच्या घरातला तो कागद उर्दूत होता आणि त्याला नव्वद वर्षं होत आली होती. नागुबाईचे सासरे नरसिंग निजामाच्या काळात सरकारी दवाखान्यात झाडू मारायला होते. तिथल्या डॉक्टरनं तो त्यांना दिला की त्यांनी केरातून उचलला, हे सांगायला आता कोणी उरलेलं नव्हतं. भाजलेल्यावर लावायचं 'भद्र्यांचं मलम' त्या कागदातून निघालं, असं घरात सगळेच म्हणत, पण वाचलेला कोणीच नव्हता. मलमाची कृती कागदावरून नव्हे, कानातून चालत आली. सासूनं सुनेच्या कानात सांगायची, लेकीला सांगायची नाही. कारण लेक दुसऱ्याच्या घरी जाते आणि औषधाचा गुण सोबत घेऊन जाते.

मलम कुठून आलं याची गोष्ट मात्र घरानं गरजेप्रमाणे बदलली होती. नागुबाईची सासू गौरम्मा सांगायची, एका जोग्यानं दिलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर नागुबाईचे मालक ज्ञानोबा मास्तर यांनी त्या जोग्याला गोष्टीतून हाकललं आणि त्याच्या जागी एक भिक्खू आणून बसवला. आणि आता मुलगा आनंदराज जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन लातूरच्या एका भागीदाराबरोबर मलमाच्या डब्या काढायला निघाला होता. त्यानं डबीवर छापून घेतलं होतं: 'अडीच हजार वर्षांची परंपरा'. शेजारी नागुबाईचा फोटो होता. तो त्यानं तिच्या आधार कार्डावरून घेतल्यामुळे ती गिऱ्हाइकावर डोळे वटारून बसल्यासारखी दिसत होती.

मलम लावायच्या आधी भाजलेल्या जागेवर तीन घागरी पाणी घालायचं, तेही तांब्यातांब्यानं, सावकाश. मलम गुपित होतं, पण तीन घागरी नागुबाईनं कोणापासूनच लपवल्या नाहीत. बाजाराला आलेल्या बायकांना, एसटीत शेजारी बसलेल्यांना, लग्नात पंगतीला वाढणाऱ्यांना ती साठेक वर्षं सांगत आली होती. तीनच का, याचा मालकांनी अर्थ लावला होता: एक बुद्धाची, एक धम्माची, एक संघाची. आनंदराजच्या डबीवर त्याचं 'त्रिदोषशामक जलविधी' झालं होतं. नागुबाई सगळ्यांना मान डोलवायची.

कारण खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. गौरम्मानं तिच्या कानात तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन मलमाच्या. तिसरी अशी: "भाजल्याव पान्याचा थेंब लावायचा न्हाई. कागदात तसंच लिव्हलंय, तुज्या सासऱ्याला दाक्तरनं वाचून दावलं व्हतं."

म्हणजे आज खाजामियाँ मास्तरांनी कागद वाचला की सगळ्यांना कळणार होतं. तीन घागरी ना सासूच्या, ना सासऱ्याच्या, ना भिक्खूच्या. नागुबाईनं त्या आपल्या पदरच्या घुसडल्या आणि वर सासूचं नाव घेऊन गावोगाव वाटल्या. साठ वर्षं ज्या तोंडाला लोक नागूमाय म्हणत आले, ते तोंड खोटं ठरणार होतं.

"मामी," स्वयंपाकघरातून सिंधुची हाक आली. सून सासूला मामी म्हणायची. "पिठात हे काय निगालं?"

नागुबाई लगबगीनं आत गेली. सिंधुच्या हातात पांढरीफटक पडलेली कागदाची घडी होती.

"हळू बोल. ठिव तिथंच."

"पिठात? भाकरीसंगं थापू का?"

"आगं, त्यो वाचू द्यायचा न्हाई आज."

सिंधुनं सासूकडं नीट पाहिलं. पस्तीस वर्षांत या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. मीठ किती, दार कधी लावायचं, नणंद लुंबिनीच्या लग्नात जिलबी का कमी पडली, कशावरच नाही. पण कागद उघड्यावर वाचला तर मलमाची कृती गावजाहीर होणार आणि कानात सांगितलेली एकुलती एक सून म्हणून सिंधुचा जो मान होता तो जाणार, हे तिच्या चटकन ध्यानात आलं.

"द्या हिकडं," ती म्हणाली आणि घडी कमरेला खोचून मोकळी झाली. "माज्या कमरंला कोन हात घालतंय बगते."

नागुबाईला सुनेचा इतका लळा कधीच आला नव्हता.

*

बाहेर अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. उमरीहून लेक लुंबिनी पहिल्या गाडीनं येऊन बसली होती. आईनं आपल्याला कृती सांगितली नाही, हे तिचं दुखणं तिच्या लग्नाइतकंच जुनं होतं. आज ती कृती सगळ्यांसमोर वाचली जाणार म्हणून ती नवीन साडी नेसून आली होती. आनंदराज एका टोकाला डब्यांचं खोकं घेऊन बसला होता आणि दुसऱ्या टोकाला त्याची मुलगी धम्मप्रिया. बापलेकीचं महिन्यापासून बोलणं बंद होतं. धम्मप्रिया लातूरला भाजलेल्यांच्या वॉर्डात डॉक्टर होती, आणि तिनं फोनवर बापाला सरळ सांगितलं होतं की लोक असली मलमं थापून येतात, ती आम्हाला आधी खरवडून काढावी लागतात, तुमची डबी बाजारात आली तर पहिली तक्रार मीच करीन. तरी कागद वाचायच्या बाबतीत मात्र दोघांचं जमलं होतं. बापाला डबीसाठी जुना आधार पाहिजे होता. लेकीला वेगळंच काही पाहिजे होतं.

"लुंबिनी आत्या, पप्पांना सांग, मास्तर बसस्टँडवरून निघालेत," धम्मप्रिया म्हणाली.

"दादा, ती म्हनती मास्तर निगालेत."

"ऐकलं मी. तिला म्हणावं, खुर्ची सावलीत सरकव त्यांच्यासाठी."

"ती काय बहिरी हाय का? मी काय पोस्टमन हाय का?" लुंबिनीनं दोघांना एकाच वेळी झापलं.

तेवढ्यात गावातले शेतकरी शेषेराव आले. खांद्यावर जवसाची अर्धी गोणी. दर वर्षी नवं जवस निघालं की ते स्वतः आणून टाकत. साठेक वर्षांपूर्वी, चार वर्षांचे असताना ते भाजले होते आणि भद्र्यांच्या मलमानं त्यांचा हात वाचला होता. त्याची ही परतफेड. सदऱ्याची बाही वर करून तो हात येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची त्यांना सवय होती. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडी साफ. कोपरापाशी बोटाएवढा फिकट डाग, बस्स.

"नागूमाय, जय भीम. आज म्हनं लई मोठा बेत हाय."

"हाय बाबा," नागुबाई म्हणाली. हा कशाला आला आजच, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली.

मग खाजामियाँ मास्तर आले. उर्दू शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी खिशाला दोन पेनं होती. सलाम झाले, पाणी झालं. मास्तरांनी चष्मा पुसला.

"तो लाओ बेटा, कागद कुठंय?"

सगळ्यांनी नागुबाईकडं पाहिलं. नागुबाईनं आभाळाकडं पाहिलं.

"सापडंना झालाय. काल डबीत व्हता. उंदरानं नेला आसंल."

"हाव, उंदीर लई झालेत," सिंधुनं दारातून साथ दिली. तिच्या कमरेला पिठाचा हात उमटलेला सगळ्यांना दिसत होता.

लुंबिनी उसळली. "बगा! हे आसंच हाय या घरात. लेकीला सांगायची पाळी आली की उंदीर येतेत!"

धम्मप्रिया हसली. तिनं पर्समधून मोबाइल काढला. "राहू दे आत्या. मी मागच्या दिवाळीतच फोटो काढून ठेवलाय. आजीसमोर वाचायचा म्हणून थांबले होते." आणि तिनं फोटो मोठा करून मोबाइल मास्तरांच्या हातात दिला.

नागुबाई मटकन खुर्चीत बसली. जगात आता लपवायची सोयच राहिली नाही, असं तिच्या मनात आलं. सिंधुनं मुकाट्यानं कमरेची घडी काढली, झटकली आणि मास्तरांपुढे ठेवली. पिठाचा ढग उठला आणि मास्तर दोनदा शिंकले.

*

मास्तरांनी आधी मनात वाचलं. मग घसा साफ केला.

"सन तेराशे चव्वेचाळीस फसली. म्हंजे समजा एकोणीसशे चौतीस-पस्तीस. छापील आहे. दवाखान्यांसाठी. वरती लिहिलंय, जल जाने का इलाज. भाजल्यावरचा उपाय."

"चौतीस?" आनंदराज पुढे सरकला. "त्याच्या आधीचं काही लिहिलं नाही का? अडीच हजार वगैरे?"

"थांबा तो. 'ये तेल विलायत के एक लोहे के कारख़ाने में मज़दूरों के लिए बनाया गया।' विलायतेत लोखंडाचा कारखाना होता, तिथल्या मजुरांसाठी काढलेलं औषध आहे, म्हणतोय."

"कॅरन ऑइल!" धम्मप्रिया टाळी वाजवून म्हणाली. "आम्हाला इतिहासाच्या एका तासाला होतं हे. स्कॉटलंडमध्ये कॅरन नावाचा कारखाना होता. तिथे भट्टीवर लोक भाजायचे. तिथून ते सगळ्या दुनियेत गेलं, दवाखान्यांत, रेल्वेत. आता कोणी वापरत नाही. आणि आमच्या घरात भिक्खूनं दिलं!"

आनंदराजनं हातातली डबी उलटी करून मांडीवर ठेवली. फोटोतली नागुबाई तेवढी दिसेनाशी झाली.

"सामान ऐका," मास्तर म्हणाले. "'अलसी का तेल और चूने का निथरा पानी, दोनों बराबर, शीशी में ख़ूब हिलाकर।' जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी. समसमान."

सिंधुनं डोळे मिटून घेतले. झालं, गेलं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

लुंबिनी थोडा वेळ वाट बघत राहिली. "पुढं?"

"पुढं काही नाही. हेच आहे."

"जवस आनि चुना? हेच? आवं, मला बारा वर्साची आसल्यापास्नं ठावं हाय ते! चुना कोन आनायचं दुकानातनं? मीच!"

"जवस तं माज्याच रानातलं जातंय," शेषेराव म्हणाले. "आमच्या घरी सगळ्यास्नी ठावं हाय."

खाजामियाँ मास्तरांनीही हळूच सांगून टाकलं की त्यांच्या अम्मीकडंसुद्धा एक शीशी असायची. सिंधु दाराला टेकून उभी राहिली. पस्तीस वर्षं तिनं एक गोष्ट जिवापाड जपली होती, आणि ती माहीत नसलेला माणूस मुखेडात शोधून सापडला नसता. तिला रडावं की हसावं कळेना, म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

"आजी," धम्मप्रिया म्हणाली, "मला मलमाचं नकोच होतं. मला पाण्याचं पाहिजे. मी दोन वर्षं वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतेय, भाजल्यावर आधी काय लावलं? कोणी टूथपेस्ट, कोणी शाई, कोणी हळद, कोणी बटाट्याचा कीस. आणि मुखेडकडचा माणूस आला की म्हणतो, आधी पाणी घातलं, तीन घागरी. त्यांच्या जखमा कमी खोल असतात गं. आम्ही आज तेच शिकवतो, वीस मिनिटं वाहतं गार पाणी, दुसरं काही नाही. पण जगात हे पुस्तकात यायला फार वेळ लागला. मग मुखेडला कोणी सांगितलं? पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या परिषदेत मला हे मांडायचंय. कागदात असणार म्हणून मास्तरांना बोलावलं."

नागुबाईनं मान खाली घातली. मास्तरांचं बोट कागदाच्या तळाशी गेलं होतं आणि तिथंच थबकलं होतं.

"पाण्याचं आहे," ते म्हणाले. "पण उलटं आहे, बेटा. 'ख़बरदार। जले हुए पर ठंडा पानी हरगिज़ न डाला जाए।' पाणी अजिबात घालू नका, म्हणतोय."

"मग?" आनंदराज म्हणाला. "माय, तीन घागरी कुणी सांगितल्या?"

नागुबाई काठी शोधू लागली.

"तू तर म्हणायचीस, आज्जीनं सांगितल्या. बाबांनी त्यावर बुद्ध, धम्म, संघ बसवला, विहारात भाषणं दिली! मी डबीवर छापलं! आणि हे सगळं..." आनंदराज उठून उभा राहिला. तो फारसा कधी चिडत नसे, त्यामुळे त्याला चिडायचं नीट येत नव्हतं. हात कुठे न्यायचे याचा अंदाज राहत नसे. "म्हणजे या घरात खरं कुणी बोललंच नाही का कधी?"

असं म्हणून त्यानं हात मागे फेकला. मागे सिंधु चहाचं भगुलं घेऊन उभी होती.

भगुलं उडालं. कढता चहा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत गेला.

"पाणी!" आनंदराज बोंबलला. "अगं पाणी! पाणी आणा!"

मलमाच्या चोवीस डब्या त्याच्या पायाशी होत्या. एकाही माणसाचा हात तिकडे गेला नाही. लुंबिनी तांब्या घेऊन धावली, मास्तर आपला पाण्याचा ग्लास घेऊन धावले, सिंधु कळशीकडं पळाली, आणि या सगळ्यांच्या आधी शेषेरावांनी त्याला दंडाला धरून नळापाशीच्या दगडावर बसवलं आणि भरलेली घागर तिरपी केली.

"सावकाश!" नागुबाई खुर्चीतून ओरडली. "तांब्यानं घाल! घागर उपडी करू नको!"

धम्मप्रियानं हात वळवून पाहिला, त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, आणि महिन्यानं बापाशी पहिल्यांदा थेट बोलली. "फार नाहीये, पप्पा. पण वीस मिनिटं हलायचं नाही." तिनं मोबाइलवर वेळ लावली. "मलम लावू का वरून? अडीच हजार वर्षांचं आहे."

"गप बस," आनंदराज म्हणाला आणि दात आवळून का होईना, हसला.

*

वीस मिनिटं म्हणजे फार असतात. शेषेराव तांब्यातांब्यानं पाणी घालत होते, बाकीचे भोवती उभे होते आणि नागुबाईला पळायला जागा नव्हती. काठी टेकत ती नळापाशी आली आणि सिंधुनं ठेवलेल्या पाटावर बसली. आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं. भीती होतीच, पण आता ती वाहून नेण्याचाही कंटाळा आला होता.

"बासष्ट साल आसंल," ती म्हणाली. "ह्यो आनंद पोटात व्हता, सातवा म्हैना. मी हिरीवरनं घागर घिऊन येत व्हते. सकाळधरनं बसले व्हते तिथं. आपल्याला शेंदू देत नव्हते तवा. कुनाला दया आली की वरनं वतायचे. ऊन डोक्याव आलं तवा एक घागर मिळाली. यांच्या खळ्यापास्नं येताना बगितलं, रोजगाऱ्यांचं वरन शिजलेलं भगुलं या शेषूनं अंगावर वढून घेतलं. उजवा हात आख्खा. लई वरडलं लेकरू."

शेषेरावांचा तांब्या थांबला. "आनि तू मलम लावलंस."

"मलम घरी व्हतं. मला कानात सांगितलेलं ठावं व्हतं, पानी लावायचं न्हाई. पर लेकराची कातडी वाफ सोडून राहिली व्हती रे. माज्या डोक्यावर पानी. मी काय इचारच केला न्हाई. घागर उतरली आनि वतली त्याच्यावर. सगळी. तो जरा गप झाला. मंग समदे वरडायला लागले."

"पानी लावायचं न्हाई म्हनून?" लुंबिनीनं विचारलं.

"न्हाई गं. आपलं पानी म्हनून."

धम्मप्रिया घड्याळाकडं बघायची विसरली.

नागुबाईनं काठी बाजूला ठेवली. मग तिनं शेषेरावांकडं पाहून सरळ सांगितलं. "शेषू, तुला लाज वाटू ने म्हनून मी कदी बोलले न्हाई. तुजी आजी रत्नम्मा आली धावत. पोरगं बाटलं म्हनून तिनं तुला उचललं, अंगनातल्या दगडाव बसवलं आनि धुवून काढलं. माजं पानी धुवायला आनिक दोन घागरी वतल्या. तांब्यातांब्यानं, नीट, कानाकोपऱ्यातनं, कुठं माजा थेंब ऱ्हायला ने म्हनून. मी बोळाच्या तोंडाशी उबी व्हते. तू रडतूस का आयकत व्हते. दुसरी घागर संपली तवा तू गप झालास."

नळ टपकत होता. मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"दुसऱ्या दिशी माज्या सासूनं जाऊन मलम लावलं. औशदाला इटाळ लागत न्हाई म्हनं. मला इचारलं, पानी तं न्हाई ना लागलं? मी म्हनलं, न्हाई. खोटं बोलले. हात तुजा बरा झाला, नाव मलमाचं झालं. पर माज्या मनात ऱ्हायलं. तीन घागरी लागल्या व्हत्या, आनि तुज्या हातावर वळ न्हाई. मंग कुनाचंबी भाजलं की मी तीनच सांगितल्या. दोन सांगून बगायचा धीर झाला न्हाई. सासूचं नाव घेतलं, कारन माजं कोन आयकतंय?"

आनंदराज भिजलेल्या बाहीनं दगडावर बसून आईकडं बघत होता. मघाचा राग कुठं ठेवला ते त्याला सापडत नव्हतं. "माय," तो म्हणाला, "मी बोललो मघाशी..."

"तू हात हलवू नको," नागुबाई म्हणाली.

धम्मप्रिया तिच्याजवळ पाटाशी खाली बसली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ मात्र हसत होते. "आजी, तुला कळतंय का? एक घागर पुरली नसती. वीस मिनिटं लागतात. बाकीची मिनिटं त्या रत्नम्मानं भरून काढली. विटाळ धुता धुता!"

पहिल्यांदा लुंबिनी हसली. मग मास्तर, मग सिंधु तोंडाला पदर लावून. नागुबाईलाही हसू आलं, साठ वर्षांत त्या गोष्टीचं पहिल्यांदा, आणि हसता हसता तिच्या गालावरून पाणी ओघळलं ते तिनं पुसलं नाही. बुद्धाची, धम्माची, संघाची म्हणून मालकांनी ठोकलेली भाषणं तिला आठवली. सांगायला पाहिजे होतं त्यांना, असं वाटलं. ते सगळ्यात मोठ्यानं हसले असते.

शेषेराव एकटे हसत नव्हते. त्यांनी बाही वर केली आणि आपला उजवा हात पाहिला. इतकी वर्षं गावाला दाखवलेला हात, पण आज ते तो स्वतःच पहिल्यांदा बघत असल्यासारखं दिसत होतं.

"मी परिषदेत लिहिणार," धम्मप्रिया म्हणाली. "नागुबाई ज्ञानोबा भद्रे, मुखेड, सन एकोणीसशे बासष्ट. तुझं नाव. सासूचं नाही, भिक्खूचं नाही."

"आमच्या आजीचंबी घाला मंग," शेषेराव म्हणाले. त्यांनी ते चेष्टेनं म्हणायचं ठरवलं होतं, पण ते तसं निघालं नाही.

"घाल गं तिचं," नागुबाई म्हणाली. "दोन घागरी तिच्याच हायत. आपल्याकडं कुठल्या तीन आल्या असत्या? आपल्याला एकच मिळायची."

मोबाइल वाजला. वीस मिनिटं झाली.

"झालं," आनंदराज म्हणाला. "उठू का आता? गारठलो पार. तिन्ही घागरी संपल्या."

"बस गप," शेषेराव म्हणाले, आणि त्यांनी नळाखाली चौथी घागर लावली.